गांधीबाजार आणि कन्नड नव्यकाव्य

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागातील गांधीबाजार फुले, फळे, पूजासाहित्य आणि विद्यार्थी भवनातील मसाला डोसा यांसाठी प्रसिद्ध असला, तरी कन्नड काव्याच्या इतिहासातही त्याला स्थान आहे, कारण के. एस. निसार अहमद यांनी १९६० मध्ये आपल्या पहिल्याच संग्रहाला ‘मनसु गांधीबजारु’, म्हणजे मन हाच गांधीबाजार, असे नाव दिले. बाजाराची वर्दळ थेट शीर्षकात येण्यापूर्वी काव्यभाषेत मोठी उलथापालथ व्हावी लागली, आणि ती घडवणाऱ्या प्रवाहाला कन्नडमध्ये ‘नव्य’ म्हणतात.

या प्रवाहाचे अग्रणी गोपालकृष्ण अडिग (१९१८–१९९२) होत. त्यांच्या आधीच्या ‘नवोदय’ पिढीला बी. एम. श्रीकंठय्या यांच्या ‘इंग्लिश गीतगळु’ (१९२६) या अनुवादसंग्रहाने इंग्रजी भावकवितेची वाट दाखवली होती. परंतु स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास त्या गोड सुरात मावेना, तेव्हा अडिगांनी टी. एस. एलियट या, अमेरिकेत जन्मून १९२७ मध्ये ब्रिटिश नागरिक झालेल्या कवीकडून बोलण्याची लय, तुटक प्रतिमा आणि वर्तमानाला पुराणकथेशी भिडवण्याची रीत घेतली. ही देवघेव एकतर्फी मात्र नव्हती, कारण एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ (१९२२) या काव्याचा शेवटच बृहदारण्यक उपनिषदातील मेघगर्जनेवर उभा आहे.

तरीही अडिगांना एलियटचे अनुयायी म्हणून मोकळे होणे हा समीक्षेचा आळस ठरेल. त्यांच्या ‘चंडेमद्दळे’ (१९५४) या संग्रहाचे नाव यक्षगानातील दोन चर्मवाद्यांचे आहे, आणि यक्षगान म्हणजे कोकणच्या दशावताराशी नाते सांगणारे, किनारी कर्नाटकात रात्रभर रंगणारे नाट्य. ‘भूमिगीत’ (१९५९) तर भूमीला माता म्हणून ओवाळण्याच्या परंपरेशीच भांडण मांडते. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी अभंग-ओवीचे साचे राखून त्यांत यंत्रयुग कोंबले आणि ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहासाठी अश्लीलतेचा खटला ओढवून घेतला; अडिगांनी साचाच सैल केला.

अडिगांनी ‘साक्षी’ या नियतकालिकातून नव्या लेखकांना व्यासपीठ दिले आणि १९७१ मध्ये बेंगळुरूतून लोकसभेची निवडणूक लढवून ती हरलेही. ‘नव्य’ प्रवाहाने गेयतेकडे पाठ फिरवली होती खरी, पण त्याच मुशीत वाढलेले निसार अहमद, जे पेशाने भूविज्ञानाचे अध्यापक होते, ते १९७८ मध्ये निघालेल्या ‘नित्योत्सव’ या गीतांच्या ध्वनिफितीमुळे, कवितासंग्रह कधी हाती न धरणाऱ्या घरांतही पोहोचले.