तथागतांच्या जन्मभूमीस जाताना
(धम्मसहलीस निघणाऱ्या उपासक-उपासिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाची सहल नेपाळला निघत आहे. काय पाहावे, काय खावे आणि कोणता प्रश्न मनाशी बाळगून हिंडावे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. नेपाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाची शिखरे येतात. जगातील आठ हजार मीटरहून उंच अशा चौदा शिखरांपैकी आठ त्या देशात किंवा त्याच्या सीमेवर आहेत, हे खरे. परंतु गोरखपूरहून सोनौलीची सीमा ओलांडून आपण भैरहव्याला पोचाल आणि तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवर लुंबिनीत उतराल, तेव्हा डोंगर कोठेच दिसणार नाही. तो तराईचा सपाट मुलूख आहे. भाताची शेते, आंब्याची झाडे आणि उन्हाळ्यात आपल्या विदर्भाची आठवण करून देणारे ऊन. आपल्यापैकी कोणी निराश होऊ नये, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

लुंबिनीत सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. 1896 च्या डिसेंबरात त्यावरील लेख उजेडात आला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी राजा स्वतः येथे आला, येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून त्याने शिळास्तंभ उभारला, आणि लुंबिनी गावाचा बलि नावाचा कर माफ करून उत्पन्नाचा आठवा हिस्सा तेवढा ठेवला, असे त्यात ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. आम्हांस या लेखातील शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. राजाने जन्मस्थळाला वंदन केलेच, पण तेथे राबणाऱ्या शेतकऱ्याचा बोजाही हलका केला. फोटो काढून झाल्यावर दोन मिनिटे त्या स्तंभापुढे उभे राहा. मायादेवी मंदिराच्या आत जुन्या विटांचे बांधकाम आहे, शेजारी पुष्करिणी आहे. 1997 पासून हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तेथून काठमांडूस जाण्यास बसने दिवस मोडतो. खरा डोंगर या वाटेवर भेटतो. खोऱ्यात काठमांडू, पाटण म्हणजे ललितपूर, आणि भक्तपूर ही तीन जुनी शहरे. 1768-69 साली गोरख्याच्या पृथ्वीनारायण शाहाने ती जिंकेपर्यंत येथे मल्ल राजे होते, आणि शहरे वसविली, घडविली ती नेवार लोकांनी. कोरीव लाकडी खिडक्या, विटांचे चौक, पितळी मूर्ती, सारे त्यांच्याच हातचे. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली, कित्येक मंदिरे ढासळली; बौद्धनाथाच्या स्तूपाचा माथाही तडकला होता, तो पुढल्या वर्षी लोकांनी पुन्हा बांधून काढला.

आता प्रश्नाकडे येतो. पाटणच्या गल्ल्यांतून हिंडताना जागोजाग बहाल लागतात. बहाल म्हणजे विहार. मधे चौक, समोर बुद्धमूर्ती, भोवती राहती घरे. येथे भिक्खू कोण? शाक्य आणि वज्राचार्य या दोन कुळांत जन्मलेले पुरुष. लहानपणी मुलाचे मुंडन करतात, चीवर देतात, तो काही दिवस भिक्खू राहतो आणि मग पुन्हा घरचा मुलगा होतो. पुढे लग्न करतो, व्यवसाय करतो, आणि विहारावर त्याचा वंशपरंपरागत हक्क राहतो. इतरांच्या मुलांना ही दीक्षा नाही. ज्या तथागतांनी उपाली न्हाव्यास शाक्य राजपुत्रांच्या आधी संघात घेतले, त्यांच्याच जन्मदेशी संघाचे दार जन्मावर उघडू लागले. आम्ही हे त्या लोकांना हिणविण्यासाठी सांगत नाही. त्यांनी शेकडो वर्षे संस्कृत बौद्ध ग्रंथ हाताने उतरून जपले, भारतात जे नष्ट झाले ते त्यांच्या घरांत टिकले, हे ऋण मोठे आहे. पण दोन्ही गोष्टी एकदम पाहता आल्या पाहिजेत.

1854 साली जंगबहादूर राणाने मुलुकी ऐन केला आणि जात हा राज्याचा कायदाच झाला. काहींच्या हातचे पाणी चालत नाही पण स्पर्श झाल्यास शिंतोडे घ्यावे लागत नाहीत, आणि काहींचा स्पर्श झाल्यास शिंतोडे घ्यावेच लागतात, असे वर्ग त्यात लिहून काढले होते. लोहारकाम करणारे कामी, चामड्याचे काम करणारे सार्की, कपडे शिवणारे व लग्नात वाद्ये वाजविणारे दमाई हे सर्वांत खाली. वाजंत्री हवी, वाजविणारा ओसरीवर नको. हे आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. 1963 च्या ऐनाने या भेदाचा कायदेशीर आधार काढला, 2011 साली अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा झाला. तरी 2020 साली पश्चिम रुकुममध्ये वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम करणारा एक दलित तरुण मित्रांसह तिला आणावयास गेला, तेव्हा जमावाने त्यांच्यावर हल्ला केला आणि सहा तरुण प्राणास मुकले.

जेवणाच्या ताटातही हाच इतिहास वाढलेला असतो. रोजचे जेवण डाळ, भात, तरकारी आणि अचार. आपल्या पोटाला सोसणारे. डोंगरात भात कमी, म्हणून मक्याच्या किंवा कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा ढिंडो. सोबत गुंद्रुक, म्हणजे मोहरीची वा मुळ्याची पाने आंबवून वाळवलेली. तिचे आंबट पाणीदार कालवण हिवाळ्यात जीव तगवते. पहिला वास नाकाला झोंबेल, दुसऱ्या दिवशी तुम्ही मागून घ्याल. मोमोच्या अचारात टिमूर असतो, तो म्हणजे कोकणातल्या तिरफळाचा भाऊबंद. मार्गशीर्षी पौर्णिमेला नेवार घरांत नव्या तांदळाच्या उकडीची योमरी करतात, आत चाकू भरून. घाबरू नका, तेथे चाकू म्हणजे घट्ट केलेली गुळाची काकवी! आमच्या घरच्या मंडळींनी तर तिला लांबट मोदकच ठरविले.

नेवारांच्या समयबजीत चिउरा म्हणजे पोहे, काळे सोयाबीन, आले आणि म्हशीचे भाजलेले मांस असते. भोजात म्हशीचे मांस लागतेच. परंतु ती कापणारा खड्गी समाज जुन्या ऐनात पाणी न चालणाऱ्यांत घातला होता. खाणारा शुद्ध आणि कापणारा अशुद्ध, हे गणित आपल्या गावगाड्यासारखेच.

या अंधारात दिवा कोणी लावला, तेही पाहून या. महाप्रज्ञ नावाचे भिक्खू जन्माने हिंदू होते, म्हणून त्यांचे बौद्ध होणे राणा राजवटीत गुन्हा ठरले आणि 1926 साली त्यांना सोबत्यांसह देशाबाहेर घालविले. पुढे कुशिनगरला पूज्य चंद्रमणी महास्थवीरांनी त्यांना दीक्षा दिली. हेच ते चंद्रमणी, ज्यांच्याकडून 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बोधिसत्त्व बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. 1944 साली धर्मप्रचार सोडण्यास नकार देणाऱ्या आठ भिक्खूंना पुन्हा हद्दपार केले गेले, तेव्हा सारनाथला धर्मोदय सभा स्थापन झाली. भिक्खू 1946 साली परतले, आणि दहा वर्षांनी काठमांडूत जागतिक बौद्ध परिषद भरली. प्रकृती खालावलेली असताना बाबासाहेब तेथे गेले आणि 20 नोव्हेंबर 1956 रोजी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर सोळाव्या दिवशी महापरिनिर्वाण झाले.

परतलेल्या भिक्खूंपैकी अमृतानंद महास्थवीरांचा आनंदकुटी विहार स्वयंभूच्या टेकडीवर आहे. स्तूपाला जाणारे बहुतेक यात्रेकरू तिकडे वळत नाहीत. आपण वळा, वंदना घ्या, आणि तेथील भन्ते भेटले तर आपण बाबासाहेबांच्या महाराष्ट्रातून आलो आहोत असे सांगा.

नमो बुद्धाय, जयभीम!