लोहमार्ग कोणाच्या पैशाने, कोणासाठी?

हिंगणघाटवरून आज दिल्ली–चेन्नई मार्गाच्या गाड्या धावतात. पण हा लोहमार्ग मुळात वर्धा ते वरोरा अशी ४५ मैलांची शाखा होती, आणि ती कोणासाठी घातली गेली हे श्रमिक चळवळीने विसरता कामा नये.

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा साम्राज्याची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीकडे वळली. हिंगणघाटची रुई आधीच नावाजलेली होती. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली आणि पुढील दशकात वरोऱ्याचा कोळसा व येथील कापूस बाहेर नेण्यासाठी ही शाखा तयार झाली. तिचे नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' होते.

'स्टेट' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जी. आय. पी. कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून मिळत होती. ही शाखा तर थेट सरकारी तिजोरीतून झाली. ती तिजोरी भरत होता सारा देणारा शेतकरी. म्हणजे कापूस त्याचा, पैसा त्याचा. मार्ग कोठून न्यावा हे ठरविणारे मात्र दुसरेच.

या मार्गाने गावात काही आणलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले, कापडगिरण्या उभ्या राहिल्या, गावात कामगारवर्ग जन्मला. परंतु लोहमार्गाचे भवितव्य मालवाहतुकीनेच ठरत राहिले. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. पुढे बल्लारशा–काझीपेठ जोडणी १९२९ मध्ये पूर्ण झाली आणि आपली शाखा मुख्य मार्गात सामावली, म्हणून ती टिकली. याच जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी ही कापसाचीच छोटी गाडी मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबली. व्यापाऱ्याला मालमोटारी मिळाल्या; आठवडी बाजाराला जाणाऱ्या मजुराला काय मिळाले, हे कोणत्या हिशेबात लिहिले गेले?

म्हणून मित्रहो, रेल्वेकडे मागणी करताना आपण याचकाच्या भूमिकेत जाऊ नये. हे रूळ जनतेच्या पैशाने टाकले गेले आहेत. गाठी वाहणारे हमाल, रूळ सांभाळणारे गँगमन, जिनिंगमधील स्त्रिया यांच्या आठवणी हयात माणसांकडून आजच लिहून घ्या. कंपन्यांचे अहवाल टनांचा हिशेब देतात. माणसांचा हिशेब आपल्यालाच मांडावा लागेल.