पूर्णगड ते मुंबई : अंतर आणि वेळ



अमुक गाव किती दूर, असे विचारले असता आपण बहुधा वेळ सांगतो. 'रत्नागिरी तासाभरावर', 'मुंबई एका रात्रीची वाट'. शास्त्राच्या काट्यावर हे उत्तर टिकणार नाही. तथापि व्यवहारात हेच अधिक खरे, असे मला वाटते.

मुचकुंदी नदी समुद्रास मिळते तेथे उत्तर तीरावरील टेकडीवर पूर्णगडचा चिमुकला किल्ला उभा आहे. त्याचे अक्षांश सुमारे १६ अंश ४८ मिनिटे. मुंबईच्या कोटाचे १८ अंश ५६ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. मुंबई थोडी पश्चिमेकडे आहे, हे ध्यानात घेतल्यास सरळ अंतर १३० सागरी मैलांच्या, म्हणजे २४० किलोमीटरांच्या आसपास भरते. ताशी ५०० किलोमीटर जाणाऱ्या विमानास अर्धा तास पुरे.

परंतु विमान पूर्णगडच्या सड्यावर उतरत नाही. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडलेला सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ धरला, तर तो दक्षिणेस, सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरांवर. मुंबईस जाण्यासाठी आधी मुंबईकडे पाठ करावयाची, सामान तोलण्यासाठी लवकर पोहोचावयाचे, आणि उतरल्यावर शहराची गर्दी आहेच! अर्ध्या तासाच्या उड्डाणापायी निम्मा दिवस सहज जातो.

पूर्वी कोकणचा राजमार्ग समुद्र होता. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी किनाऱ्याच्या वाटेला खाडी आडवी घालते. आगबोटीस ती अडचण नव्हती. मात्र पावसाळा लागला की आगबोटी बंद. मुंबईत गिरणीत राबणाऱ्या मुलास आषाढात तार यावी की बाप अत्यवस्थ आहे! नकाशावरील अंतर चैत्रात होते तेवढेच. पण आता त्याने आगगाडीने कोल्हापूर गाठावे, आंबा घाट उतरून रत्नागिरीस यावे आणि तेथून चिखल तुडवीत घरी. कित्येकांच्या नशिबी बापाचे मुखदर्शनही नसे.

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. रत्नागिरीच्या उत्तरेस करबुडे येथे साडेसहा किलोमीटरांचा बोगदा डोंगरातून काढावा लागला, तेव्हा ही वाट सरळ झाली. तरीही पावसाळ्यात दरडींच्या भयाने गाड्यांचा वेग कमी ठेवतात व वेळापत्रक निराळे असते. आषाढाने आपला हक्क अगदीच सोडलेला नाही.

मला मात्र या साऱ्यांहून पूर्णगडच्या खाडीवरील पुलाचे मोल अधिक वाटते. पलीकडचे गावखडी येथून नजरेच्या टप्प्यात. पूल नव्हता तेव्हा तरीवाचून गती नसे. अडलेल्या बाळंतिणीस रात्री रत्नागिरीस न्यावयाचे झाल्यास प्रथम नावाड्यास हाका मारावयाच्या, तो उठेपर्यंत काठावर कंदील धरून उभे राहावयाचे, आणि वारा पडलेला असावा अशी देवाजवळ प्रार्थना करावयाची. आज ती खाडी मोटार दोन-तीन मिनिटांत ओलांडते.