तोंड येते, पाय दुखतो, आणि दुखणे असते आतड्यात
(संक्रांतीच्या हळदीकुंकवास मंडळात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, डॉक्टरीण नव्हे. माझ्या नणंदेचे दुखणे जवळून पाहिले आणि तिच्या डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले, तेवढेच सांगते.

तिचे तोंड वारंवार येई. गालाच्या आत, ओठामागे पांढरट व्रण, कडेने लाल. आम्ही म्हणालो, उष्णता झाली. जाईचा पाला चावून झाला, गुलकंद झाला, तूप लावून झाले. पुढे दोन्ही नडग्यांवर लाल, गरम, ठणकणाऱ्या गाठी आल्या. सासूबाईंना वाटले, मुका मार असेल. दुकानातून ठणक्याच्या गोळ्या आणल्या. त्या गोळ्यांनी आतड्याचे दुखणे चाळवू शकते, हे तेव्हा कोणाला ठाऊक! आणि शौचाला पातळ होत होते, रक्त पडत होते, ते तिने चार महिने कोणाजवळ बोलूनच दाखवले नाही. मूळव्याध असेल म्हणून लाजेने गप्प. वजन मात्र उतरत चालले.

शेवटी साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी तोंड पाहता पाहता विचारले, "पोट कसे आहे?" तेव्हा ती रडू लागली. दुर्बिणीने आतडे तपासले, आतला तुकडा काढून पाहिला. क्रोन्सचा आजार निघाला. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी १९३२ साली सहकाऱ्यांसह त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. शरीराची राखण करणारी शक्तीच आतड्यावर उलटते आणि तेथे सूज व व्रण होतात. याचेच भावंड अल्सरेटिव्ह कोलायटिस, ते मोठ्या आतड्यापुरते असते. दोन्हींत तोंड, कातडी, सांधे, डोळे यांवर खुणा उमटू शकतात, कधीकधी पोटाच्या तक्रारीच्याही आधी. क्वचित एखादी पुळी भराभर पसरून जांभळ्या कडांची दुखरी जखम होते. ती घरी फोडू नये, चिघळते.

आपल्या पाचगणीला क्षयाची ओळख जुनी. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर काढले ते त्याच रोग्यांसाठी. पण क्षय आतड्यालाही होतो आणि अगदी क्रोन्ससारखा दिसतो. नडगीच्या गाठी क्षयातही येतात. क्रोन्समध्ये सूज उतरवायला स्टिरॉइड देतात. क्षय असताना तेच दिले तर क्षय बळावतो. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासण्या सांगतात. मी तेव्हा खर्चावरून कुरकुर केली होती, आज लाज वाटते.

आता उद्या तोंड आले म्हणून घाबरून धावू नका. बहुतेकदा ते लोह किंवा जीवनसत्त्व कमी पडल्याने, दात टोचल्याने येते आणि आठ-पंधरा दिवसांत बरे होते. तीन आठवडे न भरणारा व्रण मात्र दाखवाच, मिशरी लावणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि त्याच्या जोडीला जुलाब, रक्त, पोटदुखी, बारीक ताप, पायाच्या गाठी असतील, तर सारे एकाच डॉक्टरांपुढे एकाच वेळी सांगा.

नणंदेची औषधे चालू आहेत. तोंड कधी आले, गाठ कधी उठली, शौचाला कसे झाले, हे ती मुलाच्या जुन्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवते, आणि ती वही पुढे ठेवूनच डॉक्टरांशी बोलते.