गाडीसाठी एक प्रत, घरासाठी एक
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यातले बरेच जण आज पुण्याहून, नागपूरहून गाडीने आले आहेत. पुणे सुमारे २३५ किलोमीटर. चार-पाच तास गाणी ऐकत परत जायचे आहे. म्हणून गाडीत आवाज चांगला यावा यासाठी फाइल कोणती निवडावी, एवढेच आज सांगतो.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात आणि तासाभराला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. एमपी३ने ही जागा वाचवली. मोठ्या आवाजाखाली जवळचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही; तो भाग एमपी३ काढून टाकते. १२८ केबीपीएसच्या फाइलमध्ये सीडीवरच्या माहितीचा अकरावा हिस्साच उरतो. त्यात भजन ऐका. टाळ खणखणण्याऐवजी फसफसल्यासारखे वाटतात. तीच रचना ३२० केबीपीएसमध्ये ऐकली, तर बहुतेकांना फरक सांगता येत नाही. एएसी हा प्रकार २५६ केबीपीएसमध्येही तेवढाच समाधानकारक वाटतो.

फ्लॅकची गोष्ट वेगळी. ती काहीच टाकत नाही, फक्त घडी घालून ठेवते. जागा सीडीच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश लागते. मग गाडीत फ्लॅकच का नको? चालेल, आधी गाडीच्या माहितीपुस्तिकेत ती वाजते का ते पाहा. पण समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगात टायरचा आणि वाऱ्याचा आवाज तानपुऱ्याचे बारीक स्वर गिळून टाकतो. तिथे ३२० च्या एमपी३त आणि फ्लॅकमध्ये फरक शोधणे व्यर्थ. शिवाय ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ३२० ची दोनशेहून अधिक तासांची गाणी मावतात.

दोन गोष्टींनी मात्र खरा फरक पडतो. पहिली, जोडणी. ब्लूटूथ आवाज पाठवताना तो बहुधा पुन्हा दाबते. आधीच दाबलेली फाइल दुसऱ्यांदा दाबली जाते. म्हणून पेनड्राइव्ह किंवा केबल बरी. पेनड्राइव्ह वाजत नसेल, तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून पाहा. अनेक गाड्यांना तेच समजते. दुसरी, मूळ प्रत. १२८ ची फाइल ३२० करून आकार वाढतो, दर्जा नाही. लोणी काढून घेतलेले ताक कितीही घुसळा, लोणी येत नाही.

आणि इथेच मला जे मनापासून सांगायचे आहे ते येते. चित्रपटाचे गाणे उद्याही कुठेतरी मिळेल. पण आपल्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेट, कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या वडिलांनी म्हटलेला हरिपाठ, यांची दुसरी प्रत जगात नाही. कॅसेटची फीत जुनी होते, तिच्यावरचा चुंबकीय थर झिजतो, चालू स्थितीतले टेपरेकॉर्डरही कमी होत चालले आहेत. अशी कॅसेट संगणकावर घेताना थेट एमपी३ करू नका. टेपचे हेड साफ करा, टेपरेकॉर्डरचा लाइन-आउट संगणकाला जोडा, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर नोंदवा आणि वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. खरखर काढायची असेल तर ती प्रतीवर काढा, मुळाला हात लावू नका. ही मूळ फाइल दोन वेगळ्या जागी ठेवा. मग तिच्यावरून गाडीसाठी हवी तेवढी छोटी प्रत बनवा. छोटी हरवली तर पुन्हा बनेल. मोठी हरवली तर आवाजच गेला.

आपल्याला शिकवणारे काही सर आणि बाई आज आपल्यात नाहीत. त्यांचा आवाज कुणाच्या तरी माळ्यावरच्या पेटीत असू शकतो. दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी भंगारात जाण्याआधी एकदा उघडून पाहा. कॅसेट सापडली, तर मला कळवा. उतरवून देण्याचे काम मी आनंदाने करीन, आणि प्रत आपल्या तुकडीतल्या प्रत्येकाला मिळेल.