लुंबिनीची यात्रा : टूरबरोबर की स्वतःहून?

(वर्षावास कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत लुंबिनीला जाण्याचा विषय निघाला आणि आपल्यात दोन तट पडले. काही म्हणाले, परदेशाचा मामला आहे, टूरवाल्याला पैसे द्या आणि निर्धास्त व्हा. तरुण मंडळी म्हणाली, आपणच जाऊ. मी दोन्ही प्रकारे जाऊन आलो आहे, म्हणून हे काम माझ्यावर आले.

पहिल्यांदा 2017 साली आईला घेऊन एका टूरबरोबर गेलो. आईचे वय तेव्हा 71. छापील पत्रकात ‘लुंबिनी दर्शन’ असे ठळक अक्षरांत होते. मात्र ती टूर मुळात पशुपतिनाथ, मनोकामना आणि मुक्तिनाथ करणाऱ्यांसाठी आखलेली होती. लुंबिनी वाटेत पडते म्हणून घेतलेली. हे पत्रक नीट वाचले असते तर मला कळले असते, पण मी फक्त रक्कम आणि तारीख वाचली! सोनौलीच्या सीमेवर बस अडली. भारतीय गाडी नेपाळात न्यायची तर भन्सार, म्हणजे तिकडची जकात, भरून परवाना घ्यावा लागतो. त्या रांगेत दुपार गेली. लुंबिनीला पोहोचलो तेव्हा मायादेवी मंदिराची वेळ संपली होती. आईने कुंपणाबाहेरूनच पंचांग प्रणाम केला. पहाटे पाचला बस पोखऱ्याकडे निघाली. मी व्यवस्थापकाला दोन तास मागितले. तो म्हणाला, साहेब, बाकीच्या चाळीस माणसांचे काय? त्याचेही खोटे नव्हते. आई वाटेत एक शब्द बोलली नाही.

म्हणून 2019 च्या नोव्हेंबरात आम्ही घरची सात माणसे स्वतःहून निघालो. मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौली. सीमेची कमान पायी ओलांडली. पलीकडे भैरहवा, आणि तिथून लुंबिनी जीपने तासाभराच्या आत. नेपाळसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. आधार कार्ड मात्र फक्त पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील माणसांना चालते, हे अनेकांना ठाऊक नसते. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते.

आता माझी फजिती सांगतो. आपले 100 रुपये म्हणजे नेपाळी 160. जीपवाल्याने ‘सोळाशे’ सांगितले, मी नेपाळी समजून मान डोलावली. उतरल्यावर त्याने भारतीय सोळाशे मागितले. नोटा मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सौदा ठरवताना चलन विचारायचे सुचू नये! शेवटी मधला आकडा ठरला, पण मेहुण्यांनी ती गोष्ट अजून सोडलेली नाही. त्याच मेहुण्यांना दुसऱ्या दिवशी ताप भरला. टूरबरोबर असतो तर डॉक्टर शोधायला कोणीतरी धावले असते. इथे मीच धावलो. त्यात एक दिवस गेला आणि तिलौराकोट, जिथे कपिलवस्तूचे अवशेष दाखवतात, ते राहून गेले.

पण लुंबिनीत आम्ही तीन दिवस होतो. वेगवेगळ्या देशांनी तिथे विहार बांधले आहेत. जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांनी 1978 मध्ये पूर्ण केलेल्या आराखड्याप्रमाणे मधोमध कालवा असून पूर्वेला थेरवादी आणि पश्चिमेला महायानी विहार आहेत. कोरियन विहारात यात्रेकरूंना राहता येते. आई रोज सकाळी पुष्करिणीच्या काठी जाऊन बसे. पहिल्याच दिवशी तिने अशोकस्तंभाकडे बोट दाखवून विचारले, “काय लिवलंय रं त्याच्यावर?” ब्राह्मी मला वाचता येत नाही, पण आशय पाठ करून गेलो होतो. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः इथे आला, शाक्यमुनी बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून त्याने हा स्तंभ उभा केला आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला. आई म्हणाली, “म्हंजी गावाचा सारा माफ केला म्हन की.” जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या बाईला त्या लेखातले नेमके तेवढे उचलता आले. कला शाखेची पदवी घेऊनही माझे तिकडे लक्ष गेले नव्हते. हा स्तंभलेख 1896 साली उजेडात आला, त्याआधी ही जागा कितीतरी शतके विस्मरणात गेली होती, हे मी तिला सांगितले तेव्हा ती बराच वेळ तिथून हलली नाही.

तेव्हा माझे मत असे. लुंबिनी आणि कुशीनगर एवढेच करायचे असेल तर एजंटाची गरज नाही. पण काठमांडूपर्यंत जायचे असेल आणि बरोबर वृद्ध माणसे असतील, तर घाटरस्त्याची गाडी आणि मुक्काम जाणत्या माणसाकडे सोपवावेत. बाबासाहेब 1956 च्या नोव्हेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, प्रकृती ढासळलेली असताना. तेथपर्यंत जाण्याची ओढ आपल्या लोकांना असते आणि ती मला समजते. मात्र एजंटाला पैसे देण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी किती तास थांबणार हे लेखी घ्या. ‘दर्शन’ या शब्दावर जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुके असते, गाड्या खूप उशिरा धावतात. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडते, तेव्हा नावे लवकर कळली पाहिजेत.

येत्या नोव्हेंबरात निघण्याचा विचार आहे. तिलौराकोट यावेळी पहिल्या दिवशीच करू. यायचे असेल त्यांनी आज कार्यक्रमानंतर मला भेटावे. ओळखपत्र मूळच लागते, झेरॉक्स सीमेवर चालणार नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.