भाग २३ : अंबाजोगाईला जाताय? एक रात्र मुक्काम करा

मागच्या भागात आपण युरोपातल्या जुन्या शहरांत कसं फिरायचं यावर बोललो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण आपल्याकडे असं शहर कुठंय? आहे की! आमच्या बीड जिल्ह्यातच आहे. अंबाजोगाई. निजामाच्या काळात याच गावाचं नाव मोमिनाबाद होतं.

पुण्या-मुंबईहून दरवर्षी हजारो लोक इथे येतात. योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. पण होतं काय, गाडी देवळापाशी थांबते, ओटी भरली जाते, अभिषेक होतो, जेवण होतं आणि गाडी परळीकडे निघते. परळी इथून साधारण पंचवीस किलोमीटर, तिथं वैजनाथाचं दर्शन. म्हणजे रोमला जायचं आणि एकच चर्च बघून परत यायचं, त्यातला प्रकार झाला.

रोमचं नाव घेतलं म्हणून सांगतो. तिथं सान क्लेमेंते नावाचं चर्च आहे. वर बाराव्या शतकातलं चर्च, जिना उतरलात की त्याखाली चौथ्या शतकातलं, आणि अजून खाली रोमन काळातल्या इमारती. लोक तिकीट काढून दोन मजले खाली उतरतात. आता आपल्याकडे या. अंबाजोगाईत सकलेश्वराचं देऊळ आहे, गावात बाराखांबी म्हणून विचारा. तिथला शिलालेख १२२८ सालचा, यादवांच्या काळातला. २०२४ मध्ये राज्य पुरातत्त्व विभागानं तिथं उत्खनन केलं, तेव्हा आणखी दोन मंदिरांचे पाये सापडले. देवीचं दर्शन झाल्यावर रिक्षावाल्याला बाराखांबी सांगा, एवढंच करायचंय.

मी कोणाला घेऊन जातो तेव्हा सकाळी सगळ्यात आधी हत्तीखान्यात नेतो. जयवंती नदीकाठची खडकात कोरलेली लेणी आहेत, खांबांचा मोठा मंडप, नंदी आणि दगडी हत्ती. ऊन चढायच्या आत जा. उन्हाळ्यात तर अकरानंतर मराठवाड्याच्या उन्हात दगडावर उभं राहवत नाही. लेण्यात जायच्या आधी बरोबरच्या पोरांना गोष्ट सांगा. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाड तिथल्या तिथं दगड झालं. ते हे हत्ती. आणि देवी कुमारिकाच राहिली. इतिहास वेगळा, ही लोककथा वेगळी, हे मला मान्य. पण गोष्ट ऐकून पोरं हत्ती मोजायला लागतात आणि मोठी माणसंही थांबतात.

मग खोलेश्वर. यादव राजा सिंघणाचा हा सेनापती. इथला १२४० सालचा शिलालेख माझा सगळ्यात आवडता आहे. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला, आणि त्याची बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधलं. म्हणजे जवळपास आठशे वर्षांपूर्वी एका बहिणीनं भावासाठी केलेलं काम. हे माहीत नसेल तर समोर नुसतं जुनं देऊळ दिसतं, पाच मिनिटांत फोटो काढून आपण मोकळे. म्हणून माझा आग्रह आहे, की निघायच्या आदल्या रात्री अर्धा तास वाचून जा. तिथं गाईड मिळेल या भरवशावर राहू नका.

संध्याकाळ मुकुंदराजांच्या समाधीसाठी ठेवा. गावाबाहेर, बालाघाटच्या डोंगरात, दरीच्या कडेला. पावसाळ्यात तिथं पाणी कोसळत असतं. ‘विवेकसिंधु’ची परंपरेनं सांगितली जाणारी तारीख ११८८, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीची. विदर्भातले लोक म्हणतात हा ग्रंथ आंभोऱ्याला झाला, आणि तारखेवरूनही अभ्यासकांचे वाद आहेत. चालू द्या वाद. आपण समाधीपाशी शांत बसावं.

दासोपंतांची समाधीही इथेच. कागद पुरेना म्हणून की काय, या माणसानं कापडावर ग्रंथ लिहिला. सुमारे चाळीस फूट लांबीची पासोडी! ती बघायची असेल तर आधी चौकशी करून, परवानगी घेऊन जा. कधीही गेलं आणि दाखवली, असं ते नाही.

आता ही एवढी ठिकाणं दर्शनाच्या दोन तासांत बसत नाहीत. म्हणून एक रात्र राहा म्हणतो. मार्गशीर्षात देवीचं नवरात्र असतं, तेव्हा गर्दी फार. देवीसाठी यायचं तर तेव्हाच या, पण गाव बघायचं असेल तर तो आठवडा टाळा. पावसाळा संपता संपता सगळ्यात उत्तम. रेल्वेनं येणार असाल तर परळीला उतरा.

आणि एक. गावाकडे गेलो की दरवेळी कानावर येतं, अमुक ठिकाणी सुशोभीकरण होणार आहे. फरशी, कारंजी, दिवे. मला विचाराल तर आधी प्रत्येक शिलालेखाशेजारी त्याचा अर्थ सोप्या मराठीत लिहिलेली एक पाटी लावा. पण ती मागायला माणूस तिथं गेला पाहिजे ना! देवळातच येऊन जाणाऱ्यांसाठी बाराखांबीपाशी पाटी कोण लावेल? तुम्ही गेलात, तर गावातल्यांना विचारत जा, शिलालेख कुठंय म्हणून. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला कोणीतरी स्वतःहून दाखवायला येतं.

पुढच्या भागात धारूरच्या किल्ल्यावर जाऊ. तोपर्यंत नमस्कार.